मिरचीत वार कुठून आली?

एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी बारावी सायन्सला, नीटची तयारी चालू. वनस्पतिशास्त्रातले 'प्लॅसेंटेशन'चे, म्हणजे फळात बिया कुठे चिकटतात त्याचे, प्रकार पाठ करता करता तिने विचारलं, "आई, मिरचीलाही प्लॅसेंटा असतो?" नेमकं त्याच आठवड्यात धाकट्या जावेच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'प्लॅसेंटा अँटिरियर' असं छापून आलं. मग घरात चर्चा झडली. नेटवर मूळ अर्थ 'केक' दिलाय, तो कुणालाच पटला नाही. दिरांनी तर हा आपल्याच 'प्रसवान्त'चा अपभ्रंश आहे असं जाहीर करून टाकलं. तर खरा अर्थ कोणता, शब्द आधी झाडात होता की बाईच्या पोटात, आणि मराठीत दोन्हींना मिळून एक शब्द आहे का?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. तालुक्याच्या गावी तीसेक वर्षं बाळंतपणं करते आहे. माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे व्यायला आलेल्या म्हशीजवळ कंदील धरून बसण्याचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. भाषेची पदवी माझ्याकडे नाही. पण ही वस्तू हजारो वेळा हातात घेतली आहे, आणि शब्द कळायला वस्तू हातात घेण्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, असा माझा अनुभव आहे.

आधी प्रश्नच जरा बदलून घेते. 'खरा अर्थ' असा कुठे कुलूप लावून ठेवलेला नसतो. नाव ठेवणारा माणूस त्या वेळी कशाकडे बघत होता, हे शोधायचं. प्लॅसेंटाच्या बाबतीत एकाने आकार बघितला, दुसऱ्याने काम बघितलं, तिसऱ्यांनी जागा बघितली. तुमच्या घरातला वाद या तिघांमुळे आहे.

आकारापासून सुरुवात करू. बाळ बाहेर आलं, नाळ कापली, की थोड्या वेळाने वार, म्हणजेच प्लॅसेंटा, सुटून येते. आम्ही ती स्टीलच्या ट्रेमध्ये घेतो. गुठळ्या धुवून काढायच्या आणि ती तळहातांवर पसरायची. तिला दोन बाजू. बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर करडी, ओल्या प्लॅस्टिकसारखी चकाकणारी. मध्यावर नाळ चिकटलेली आणि तिथून जाड रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या कडेपर्यंत पसरलेल्या. उलटी केली की आईकडची बाजू: गडद लाल, मांसल, खाचांनी तुकडे पडलेली, १५ ते २० उंचवट्यांची. व्यास साधारण १५ ते २० सेंटीमीटर, मधोमध जाडी अडीच सेंटीमीटर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे बाळाच्या वजनाच्या एक षष्ठांश.

हे उंचवटे मोजायची सवय मला एका सिस्टरनी लावली. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी रात्री तीनच्या सुमाराला मी एक वार वरवर बघून 'पूर्ण आहे' असं लिहून मोकळी झाले होते. सिस्टरनी ट्रे परत माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मॅडम, इथे खड्डा आहे." खरंच एक तुकडा नव्हता. तो आत राहिला होता, आणि तेवढ्या तुकड्यापायी गर्भाशय आकसत नाही, रक्त थांबत नाही. तो काढला, बाई सुखरूप घरी गेली. त्यानंतर मी प्रत्येक वार भांड्यातलं दळण बघावं तशी निरखून बघते.

आता ही वस्तू कशासारखी दिसते, ते सांगा. मला विचाराल तर जाडसर थापलेल्या थालीपिठासारखी. गोल, चपटी, मध्ये जाड, कडेला पातळ, वरून उंचसखल. आणि लॅटिनमधला 'प्लॅसेंटा' नेमका हाच: चपटा, गोल, भाजलेला खाद्यपदार्थ. लॅटिनने तो ग्रीकांकडून घेतला. ग्रीकमध्ये त्याला 'प्लाकूस' म्हणत, आणि त्याच्या मुळाशी असलेला 'प्लाक्स' म्हणजे सपाट फरशी, लादी. इंग्रजी पुस्तकांनी त्याचं भाषांतर 'केक' केलं. आपण तिथे अडकतो, कारण केक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बेकरीतला क्रीम लावलेला, उंच, मऊ केक येतो. 'पोळी' किंवा 'थालीपीठ' म्हटलं असतं तर तुमच्या घरी अर्धा वाद झालाच नसता.

या पदार्थाची कृतीसुद्धा शिल्लक आहे. रोमचा केटो, इ.स.पू. १४९ मध्ये वारला, त्याने शेतीवर एक पुस्तक लिहिलं. जमीन कशी निवडावी, ऑलिव्ह कसे लावावेत, वगैरे. त्यात मध्येच त्याने प्लॅसेंटा कसा करायचा ते दिलं आहे. खाली एक मोठी पारी, तिच्यावर पिठाच्या पातळ पोळ्यांचे थर, दर दोन थरांत मेंढीच्या दुधाचं चीज मधात कालवून, तळाशी तेल लावलेली लॉरेलची पानं, आणि वरून झाकण ठेवून मंद आचेवर भाजायचं. चीज १४ रोमन पौंड आणि मध साडेचार पौंड. रोमन पौंड आपल्या पाव किलोहून थोडा जास्त भरतो, तेव्हा चीजच साडेचार किलो झालं. घरापुरता बेत नव्हे, मांडव घातल्यासारखा प्रकार दिसतो. थरांवरून गोव्याच्या बेबिंकाची आठवण होते, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उगाच जोडू नका.

दिरांच्या 'प्रसवान्त'चं उत्तरही यातच आहे. ऐकायला शब्द जुळतात खरे. पण केटोच्या प्लॅसेंटाचा बाळंतपणाशी दुरान्वयानेही संबंध नाही, तो निव्वळ खाण्याचा पदार्थ आहे. बाळंतपणाचा अर्थ त्याला चिकटला तो त्यानंतर सतराशे वर्षांनी. 'प्रसवान्त'वरून शब्द आला असता तर आधी प्रसव आणि मग पोळी असा क्रम लागायला हवा होता. इथे सगळं उलटं आहे. शिवाय खाण्याचा अर्थ अजून जिवंत आहे. रोमेनियात 'प्लाचिंता' ही भाजलेली, सारण भरलेली पोळी मिळते, हंगेरीत 'पालाचिंता' आणि व्हिएन्नात 'पालाचिंकन' म्हणजे पातळ घावन. ही सगळी त्याच शब्दाची नातवंडं. तिथल्या हॉटेलात ती मागवणाऱ्या माणसाच्या मनात वार येत नसणार, ही देवाची कृपा.

बाळंतपणाचा अर्थ चिकटवला रेआल्दो कोलोंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने. पादुआच्या विद्यापीठात व्हेसेलियस या नामवंत शरीरशास्त्रज्ञाच्या जागी शिकवलेला हा माणूस. त्याचा ग्रंथ १५५९ मध्ये व्हेनिसला छापला गेला आणि त्याच वर्षी तो गेला. त्याआधी विद्वान मंडळी वारेला 'मागाहून येणारी' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाने ओळखत. कोलोंबोने तिला गोल पोळीची उपमा दिली आणि उपमेचं नाव झालं. सुरुवातीला 'प्लॅसेंटा युटेरिना', म्हणजे 'गर्भाशयातली पोळी' असं पूर्ण म्हणत. पुढे गर्भाशय गळालं आणि पोळी उरली. जर्मन भाषेने मात्र उपमा उघडी ठेवली आहे. तिथे वारेला सरळ 'मुटरकूखन' म्हणतात, आईचा केक.

खरं तर दुसरंच नाव पडू शकलं असतं. कोलोंबोनंतर पाचच वर्षांनी, १५६४ मध्ये, बोलोन्याच्या अरांत्सियोने तिला 'गर्भाशयाचं यकृत' म्हटलं. तोही चुकला नव्हता. त्याने आईकडची बाजू बघितली: गडद लाल, मांसल, काळजाच्या तुकड्यासारखी. (अरांत्सियोची खरी कामगिरी वेगळी आहे. आईच्या आणि बाळाच्या रक्तवाहिन्या एकमेकींत थेट उघडत नाहीत, असं त्याने त्या काळात मांडलं. ते बरोबर निघालं.) दोघांनी एकच वस्तू हातात घेतली, एकाला पोळी दिसली, एकाला काळीज. भाषेने पोळी उचलली.

पण थांबा. वार थालीपिठासारखी असते, ही गोष्ट माणसाची. माकडाची, उंदराचीही चकतीसारखीच. कुत्री आणि मांजर यांच्यात ती पट्ट्यासारखी पिल्लाभोवती वेढा घालते. घोडीत आणि डुकरिणीत वेगळी चकती नसतेच, सगळं आवरणभर बारीक पसरलेली असते. आणि गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यात तर वार म्हणजे सुटे सुटे गोळे, बटणं लावल्यासारखे. गाईत साधारण ७० ते १२०. माझ्या वडिलांना कुणी 'प्लॅसेंटा म्हणजे पोळी' असं सांगितलं असतं तर ते हसले असते. त्यांनी आयुष्यभर बघितलेली वार पोळीसारखी नव्हतीच.

ही बटणं ग्रीकांनीही बघितली होती. अॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की ज्या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यांच्या गर्भाशयात ती असतात. गाय, शेळी, मेंढी. बरोबर निरीक्षण आहे. त्यांना त्याने 'कोटिलेडॉन' म्हटलं. 'कोटिले' म्हणजे वाटी, पेला. तुमच्या मुलीचे कान इथे टवकारतील, कारण कोटिलेडॉन म्हणजे तिला बीजपत्र म्हणून माहीत आहे. द्विदल, एकदल, त्यातलं दल. आणि मी ट्रेमध्ये जे १५ ते २० उंचवटे मोजते, त्यांनाही आम्ही कोटिलेडॉनच म्हणतो. म्हणजे तिच्या पुस्तकातले दोन शब्द माझ्या लेबररूममधून गेलेले आहेत.

आता झाडाकडे येते. उत्तर स्पष्ट आहे: शब्द आधी माणसाच्या शरीरशास्त्रात रुळला आणि मग वनस्पतीत गेला. हे होण्यामागे साधं कारण होतं. सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली झाडं कापून बघणारी पहिली मोठी नावं दोन, बोलोन्याचा मालपिघी आणि इंग्लंडचा नेहेमाया ग्रू. दोघेही डॉक्टर! डॉक्टर झाडाकडे बघायला लागला की त्याला झाडातही पेशंट दिसतो. फळात गर्भाशय, बीच्या देठात नाळ, बीच्या डागात बेंबी. आजही बीजांड, म्हणजे ज्याची पुढे बी होते ते, ज्या बारीक देठाने लटकतं त्याला 'फ्युनिकल' म्हणतात, म्हणजे दोरी, आणि शरीरशास्त्रात नाळेचं लॅटिन नावही त्याच दोरीवरून आहे. चवळीच्या दाण्यावरचा काळा डोळा बघा. त्याच्या मध्यभागी जो लांबट पांढरा डाग असतो, तिथे ती दोरी तुटलेली असते. मराठी पुस्तकं त्याला नाभी म्हणतात. चवळीला बेंबी असते म्हटलं की मुलं हसतात, पण विसरत नाहीत.

पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो, त्यामुळे थोडं रेंगाळते. १७५१ च्या ग्रंथात लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने बीजपत्रांना 'कोटिलेडॉन' हे नाव कायम केलं. त्याने काम बघितलं. जसे वारेचे कोटिलेडॉन गर्भाला पोसतात, तशी ही जाड पानं बीतल्या कोंबाला पोसतात. आणि त्याच्या लेखी 'प्लॅसेंटेशन' म्हणजे काय होतं? बी रुजताना बीजपत्रांची मांडणी कशी असते, ते! आज तुमची मुलगी जे पाठ करते त्याचा या अर्थाशी काही संबंध राहिलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञांनी शब्द बीतून उचलून अंडाशयाच्या, म्हणजे फुलाच्या ज्या भागाचं फळ होतं त्याच्या, भिंतीवर नेऊन ठेवला. बीजांडं जिथे चिकटतात ती जागा म्हणजे प्लॅसेंटा, आणि ती जागा कुठे आहे त्यावरून प्लॅसेंटेशनचे प्रकार. काम गेलं, जागा आली. आकार तर केव्हाच सुटला होता.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पोळी, मग पोळीसारखी वार, मग वारेसारखं पोसणारं बीजपत्र, आणि शेवटी बाळ लटकतं ती जागा.

पाठांतरापेक्षा भाजी निवडताना हे पटकन कळतं. मटाराची शेंग शिवणीवर उघडा. दाणे एकाच कडेला लागलेले दिसतील, आणि नीट बघितलं तर एक दाणा डाव्या फाकेला, पुढचा उजव्या फाकेला, असे आलटून पालटून. ती कड म्हणजे प्लॅसेंटा, दाण्याचं इवलं देठ म्हणजे नाळ. लिंबू आडवं कापलं की बिया मध्यभागी, आसाला चिकटलेल्या. टोमॅटो आणि वांगं त्याच प्रकारातले, फक्त त्यांचा प्लॅसेंटा फुगतो; टोमॅटोत बियांभोवती जो बुळबुळीत गर असतो तो त्यातूनच आलेला. पपई आणि काकडीत बिया भिंतीला लागतात, म्हणून पपई मधे पोकळ. कलिंगडाचा आपण खातो त्या लाल गराचा मोठा भाग प्लॅसेंटाचाच. सूर्यफुलाच्या एका दाण्यात बी तळाशी बसलेली असते. बाकीचे प्रकार पुस्तकात आहेत, मी सांगत बसत नाही.

मिरचीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण प्रश्न तिच्यावरून सुरू झाला. मिरची उभी चिरल्यावर देठाखाली जो पांढरट, स्पंजासारखा भाग बियांना धरून असतो आणि तिथून पांढऱ्या शिरा खाली जातात, तो तिचा प्लॅसेंटा. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो, ते तयार होतं याच भागाच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये. बिया तिखट नसतात. त्या प्लॅसेंटाला घासून असतात म्हणून तिखट लागतात. आमच्याकडे भरल्या मिरच्या करताना आई म्हणायची, "बिया राहिल्या तरी चालतील, शीर काढ." तिला प्लॅसेंटा शब्द माहीत नव्हता, पण तिचं वनस्पतिशास्त्र पक्कं होतं.

आता डॉक्टर म्हणून जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. नाव एक असलं तरी वस्तू एक नाहीत, आणि फरक कुठे आहे ते मुलीला कळलं पाहिजे. मिरचीचा प्लॅसेंटा मिरचीच्या झाडाचा, म्हणजे आईचा. अंडाशयाचाच तो भाग आहे, बीजांड नुसतं तिथे टांगलेलं. माणसाची वार बहुतांश बाळाची. गर्भधारणेनंतर पेशींचा जो गोळा होतो त्यातला एक भाग बाळ होतो आणि एक भाग वार. आईचा वाटा त्यात थोडा, गर्भाशयाच्या अस्तरापुरता. म्हणूनच घरात थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, शंका असली तर १० ते १३ आठवड्यांत आम्ही वारेचा किंचितसा तुकडा तपासायला पाठवतो. बाळाला हात न लावता बाळाची जनुकं मिळतात. मिरचीच्या प्लॅसेंटातून बीची जनुकं तपासता येणार नाहीत, तिथे फक्त आईच सापडेल.

पोसण्याचं कामही झाडात बरंचसं दुसरीकडे गेलं आहे. फुलझाडाच्या बीत कोंबाचा शिधा म्हणजे भ्रूणपोष. नारळाचं पाणी आणि खोबरं हे त्याचं आपल्या ओळखीचं रूप. डाळींमध्ये तो शिधा बीजपत्रांत साठवलेला असतो. कामाच्या दृष्टीने बघितलं तर लिनियस जास्त बरोबर होता, असं माझं मत. आणि खरी वारेसारखी वार बघायची असेल तर पावसाळ्यात कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर उगवणारं हिरवं मखमली मॉस बघावं. त्यात पुढच्या पिढीचं रोप आईच्या अंगावरच उभं राहून तिच्याकडून अन्न घेतं, आणि त्या सांध्याला वनस्पतिशास्त्रज्ञ प्लॅसेंटा म्हणतात. तिथे आई आणि मूल दोघंही हजर असतात, आपल्यासारखे.

मराठी शब्दाचं. दोन्हींना मिळून एक शब्द आपल्याकडे नाही, आणि नाही तेच बरं आहे. बाईची ती वार. जनावराचा तो बहुतेक ठिकाणी जार, काही भागांत झार. संस्कृतात जरायु आणि आयुर्वेदात अपरा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अपरा लवकर पडत नसेल तर बाईच्या कंठाला आणि टाळूला केसांच्या वेणीने स्पर्श करावा असं सांगितलंय. ओकारी आली की पोटावर दाब येतो. मी नवीन असताना एका म्हाताऱ्या सुईणीने बाळंतिणीच्या तोंडात तिचीच वेणी दिलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. तिने चरक वाचला नव्हता. (आज असं करू नका. अर्ध्या तासात वार आली नाही तर दवाखाना गाठा. आणि गाईच्या लोंबणाऱ्या जाराला दगड बांधून ओढू नका, जनावराच्या डॉक्टरांना बोलवा.)

या शब्दांमध्ये आकार कुठेच नाही, हे लक्षात घ्या. आपल्या लोकांनी पोळी बघितली नाही, घटना बघितली: वार 'पडते', जार 'अडकतो'. झाड तर आपल्या जुन्या वर्गवारीत वारेपासून मुद्दाम लांब ठेवलेलं आहे. ऐतरेय उपनिषदात चार प्रकारचे जीव येतात: अण्डज, जारुज, स्वेदज आणि उद्भिज्ज. अंड्यातून, जरायूतून, घामातून आणि जमीन फोडून येणारे. संतांच्या वाणीत तेच 'जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज' होऊन येतात. (इथला 'जारज' वारेतून जन्मलेला, याराच्या पोटचा या अर्थाचा 'जारज' निराळा. कीर्तनात एकदा या दोघांची गल्लत झाली आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी बुवांना तिथेच थांबवलं, तेव्हा मी हजर होते.) ज्याला आपण उद्भिज्ज म्हटलं त्याला युरोपातल्या डॉक्टरांनी वार देऊन टाकली.

वनस्पतीसाठी मराठी ग्रंथांनी वेगळा शब्द घडवला, बीजकाधानी. बीजक म्हणजे बीजांड, आणि ते जिथे ठेवलेलं असतं ती आधानी. प्लॅसेंटेशनला बीजकविन्यास, त्यात तटलग्न, अक्षलग्न, तललग्न असे पोटभेद. जड आहेत, मान्य. पण 'तटलग्न' एकदा कळलं की पपई डोळ्यांपुढे उभी राहते, त्याच्या 'परायटल' या इंग्रजी नावाने तसं होत नाही. परीक्षेला इंग्रजीच लिहायचं आहे, तेव्हा मुलीने दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. कोटिलेडॉनच्या बाबतीत तर मराठी कधीचीच पुढे आहे. ग्रीकांनी वाटी बघितली. आपण दाणा फुटून दोन फाका होताना बघितल्या आणि 'दल' म्हणालो. त्याच दलाची डाळ झाली. वाल भिजवून मोड आणून सोललात की जे हातात येतं, त्या डाळिंब्या म्हणजे सुटी झालेली बीजपत्रंच.

जावेच्या रिपोर्टचं शेवटी, कारण ते सगळ्यात सोपं. 'अँटिरियर' म्हणजे वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे. नेहमीची गोष्ट. बाळाच्या लाथा जरा उशिरा किंवा दबक्या जाणवतील, कारण मध्ये गादी आहे. पुढे असली की मुलगा, मागे असली की मुलगी, हे जे काही कानावर येईल त्यात काडीचं तथ्य नाही. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ असेल तर ती बाब वेगळी; तेव्हा कितवा आठवडा आहे, आधीचं सिझेरियन आहे का, यावर सगळं ठरतं, आणि ते रिपोर्ट हातात असलेल्या डॉक्टरांनीच सांगावं. गंमत एवढीच की रिपोर्टमध्ये आणि तुमच्या मुलीच्या वहीत प्रश्न एकच आहे: चिकटलीय कुठे?

आणि बाळंतपणानंतर मायलेकींना ती पोळी एकदा बघायची असेल, तर लेबररूमच्या सिस्टरना आधीच सांगून ठेवा. नाळ पुरायची म्हणून पूर्वी नातेवाईक मागून घ्यायचे, आता क्वचित कुणी मागतं. मोजून झाली की ती लगेच पिवळ्या पिशवीत जाते.